मुसळी, अश्वगंधा, गोखरू की कुहिली? पैसे टाकायच्या आधी हे बघा

कोल्हापुरात कुठल्याबी काष्ठौषधीच्या दुकानात जाऊन हळूच 'जरा ताकदीचं काहीतरी द्या' म्हटलं की पहिली पुडी सफेद मुसळीची निघते, आणि महाग पण तीच. पण खरं सांगू का भावा, माणसांवर नीट घेतलेल्या टेस्ट मुसळीच्याच सगळ्यात कमी हायत, बरंचसं काम उंदरांवर झालंय, त्यात महाग माल म्हटल्यावर भेसळ आलीच. मी तरी त्यात पैसे घालणार नाही.

आधी तुमचा प्रॉब्लेम नक्की काय ते ठरवा. शुक्राणू कमी आहेत म्हणून मूल राहत नसेल तर अश्वगंधा बरी. २०१३ साली छापून आलेल्या टेस्टमध्ये ४६ जण होते, काहींना रोज ६७५ मिलिग्रॅम मुळीचा अर्क, बाकीच्यांना नुसतीच औषध नसलेली गोळी, आणि ९० दिवसांनी अर्कवाल्यांचा काउंट १६७ टक्के वाढला. माणसं थोडीच, पण खोट्या गोळीशी तुलना केली हे महत्त्वाचं. कुहिलीच्या बियांची लखनौला टेस्ट झाली, ७५ जणांना रोज ५ ग्रॅम चूर्ण तीन महिने, काउंट सुधारला, पण तुलना धडधाकट माणसांशी, खोटी गोळी कुणालाच नाही, त्यामुळं मी अश्वगंधेच्या खालीच धरतो.

लिंगाला ताठरता येत नसेल तर हिशोब उलटा. टेन्शनमुळं ताठरता येत नाही अशांना जामनगरला अश्वगंधा देऊन बघितली, खोट्या गोळीपेक्षा जास्त काही फरक नाही. तिथं गोखरू पुढं. म्हणजे तिथंबी भांडण हायच, ब्राझीलमध्ये ८०० मिलिग्रॅम ३० दिवस दिलं, काही नाही, बल्गेरियात १८० जणांवर जास्त डोस १२ आठवडे, तर फरक पडला. पण तो ठराविक अर्क होता, आपल्याकडं पुडीत बांधून देतात ते काट्यांचं चूर्ण तसंच चालंल असं धरू नका.

थायरॉइडची गोळी चालू असेल किंवा लिव्हरचा त्रास असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय अश्वगंधा नको. आणि 'तासाभरात रिझल्ट' म्हणून जे चूर्ण विकतात त्यात गुपचूप सिल्डेनाफिल (व्हायग्रातलं औषध) मिसळलेलं सापडतं, छातीत दुखतं म्हणून सॉर्बिट्रेट घेणाऱ्याचा बीपी त्यानं एकदम खाली जाऊ शकतो. चाळिशी ओलांडली असेल तर पुडीआधी साखर आणि बीपी तपासा, सीपीआरला (कोल्हापूरचा सरकारी दवाखाना) जा नाहीतर गल्लीतल्या डॉक्टरकडं, कारण ताठरतेचा त्रास कधी कधी शुगर नाहीतर हार्टचा पहिला इशारा असतो.