डिकीच्या पत्र्याला चार भोकं

"काका, दीड तास लागेल. तोवर तुम्ही आणि भाऊ शेवउसळ खाऊन या ना." गाडीची किल्ली घेताना दुकानदार असं म्हणाला आणि आम्ही दोघं बापलेक निघालो. परत आलो तेव्हा डिकीच्या झाकणावर स्पॉयलर, म्हणजे शोभेची उंच कड, बसलेला होता, डिकी पुसून चकाचक केलेली होती, आणि मुलाच्या चेहऱ्यावर जे हसू होतं ते पाहून मी खिशातले उरलेले पैसे मोजून दिले. त्या दीड तासात आमच्या गाडीला काय झालं ते मला पाच महिन्यांनी कळलं. कुणाच्या घरात असाच हट्ट चालू असेल तर गाडी देण्याआधी हे वाचा.

आमची मारुती सियाझ २०१७ ची, डेल्टा मॉडेल, पांढरी. बाबा होते तेव्हा घेतलेली. शोरूममधून बडोद्यात आमच्या दांडिया बाजारात आणली तेव्हा त्यांनी स्वतः खाली उतरून चाकाखाली नारळ फोडला होता. एवढी वर्षं तिला मी एक ओरखडासुद्धा पडू दिला नव्हता. २०१७ च्याच ऑगस्टमध्ये सियाझचं 'एस' मॉडेल निघालं, अल्फा या सर्वांत वरच्या मॉडेलवर बेतलेलं. इंजिन तेच, पण खाली चारी बाजूंनी स्कर्ट, म्हणजे शोभेच्या पट्ट्या, आणि डिकीवर छोटा ओठासारखा स्पॉयलर. आमच्या गल्लीत एकांकडे ती गाडी आहे. मुलाची बारावीची परीक्षा संपली आणि त्याने तेवढी एकच गोष्ट मागितली : आपल्या डिकीवर एसचा स्पॉयलर. शोभेसाठीच हवा होता, दुसरं काही नाही. पोराने वर्षभर मान मोडून अभ्यास केला होता, मला नाही म्हणवेना.

२०२४ च्या गुढीपाडव्याच्या आठवड्यात आम्ही चौकशीला निघालो. दोन-तीन दुकानांत गुजरातीत बोलणं झालं, भाव कळले. मग हायवेच्या बाजूच्या एका ॲक्सेसरीच्या दुकानात गेलो. मी आणि मुलगा आपसात मराठीत बोलत होतो, ते ऐकून मालक एकदम मराठीत बोलायला लागला. कुठले, आजोळ कुठलं, दांडिया बाजारात कुठे राहता, सगळं विचारलं. त्याचे पणजोबाही म्हणे सयाजीराव महाराजांच्या काळात इकडे आलेले. बडोद्यात वाढलेल्या मराठी माणसाला हे ऐकून काय वाटतं ते बडोदेकरच जाणे. दिवसभर बाहेर गुजराती बोलायचं, आणि अचानक समोरचा आपल्या भाषेत "बसा ना काका" म्हणतो. मी तिथेच सैल पडलो.

तो म्हणाला, "एसचा कंपनीचा पीस आहे. तुमच्या गाडीच्या रंगात रंगवून येईल. बाहेर पंधरा घेतात, तुमच्याकडून साडेअकरा हजार. फिटिंग त्यातच." मी पीस बघायला मागितला. "गोडाऊनला आहे, पेंटिंगला पाठवतो, दोन दिवसांनी गाडी घेऊन या." बिलाचं विचारलं तर म्हणाला, "बिल हवं तर देतो, पण मग जीएसटी लागेल, उगाच तुम्हाला भुर्दंड. घरचं काम आहे, वांधा नाही." त्याने 'घरचं काम' म्हटल्यावर पुन्हा बिल मागणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवण्यासारखं वाटलं. भीड भिकेची बहीण, हे लहानपणी आईकडून शंभरदा ऐकलेलं, पण त्या वेळी आठवलं नाही. दोन हजार आगाऊ यूपीआयने दिले, बाकीचे रोख द्यायचे ठरले. मुलाने घरी येऊन त्याला व्हॉट्सॲपवर पुन्हा विचारलं, "एसचाच ना?" त्याचं उत्तर आलं, "हो भाऊ, एसचा ओरिजिनल." तो मेसेज पुसला नाही, हे आमचं नशीब.

शेवउसळ खाऊन आलो त्या दिवशी बारकाईने पाहिलं असतं तर तेव्हाच कळलं असतं. डाव्या बाजूला स्पॉयलर आणि पत्रा यांच्यात नख जाईल एवढी फट होती, उजव्या बाजूला नव्हती. फटीत काळं सिलिकॉन भरलेलं. रंग सावलीत जुळत होता, उन्हात थोडा पिवळसर दिसे. मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "नवा रंग आहे, महिनाभरात बसेल." पांढरा रंग महिनाभरात बसत नाही. जो पहिल्या दिवशी जुळत नाही तो पुढेही जुळत नाही.

जूनअखेर पाऊस सुरू झाला आणि गाडीत कुबट वास यायला लागला. वाटलं, एसीचा असेल. जुलैत मुलाच्या ॲडमिशनची धावपळ सुरू झाली. त्याचं सामान डिकीत ठेवताना खालचं कार्पेट ओलं लागलं. उचललं तर स्टेपनीच्या खड्ड्यात चार बोटं पाणी, जॅकवर गंज. मी फोटो काढला, तारीख १४ जुलै. दुकानदाराला फोन केला. त्याने "डिकीचं रबर गेलं असेल" म्हटलं, तरी गाडी आणायला सांगितली आणि बाहेरून आणखी सिलिकॉन मारून दिलं. पैसे घेतले नाहीत. मला वाटलं, माणूस चांगला आहे.

मग ऑगस्टच्या शेवटी विश्वामित्री नदीला पूर आला. ते दिवस बडोद्यात कुणीच विसरणार नाही. आमची गाडी मी आधीच मावसभावाच्या सोसायटीत उंचावर नेऊन ठेवली होती, चाकसुद्धा भिजलं नाही. तरी पावसाने डिकीत पुन्हा पाणी. फोन केला तर तो म्हणाला, "काका, अख्खं बडोदं पाण्यात होतं. हे पुराचं पाणी आहे, त्याला मी काय करू?" जुलैचा फोटो पाठवला. त्यानंतर त्याने फोन उचलणं बंद केलं.

सप्टेंबरमध्ये आमच्या जुन्या मिस्त्रींकडे गेलो. सत्तरीचे आहेत, बाबांच्या स्कूटरपासून आमच्या घरच्या गाड्या त्यांच्याच हाताखालून गेलेल्या. त्यांनी आधी काही विचारलं नाही. डिकी उघडली, झाकणाच्या आतल्या अस्तराच्या क्लिपा एकेक करून काढल्या आणि टॉर्च माझ्या हातात दिला. आत चार स्क्रूंची टोकं बाहेर आलेली होती. साधे स्वतःच आटे पाडत जाणारे स्क्रू, लाकडाला मारतात तसे. ना वॉशर, ना रबर. प्रत्येक टोकाभोवती तांबूस ओघळ. झाकणाच्या खालच्या कडेच्या पन्हळीत ड्रिल मारताना पडलेला लोखंडाचा कीस तसाच पडलेला, आणि तो गंजून पत्र्याला चिकटलेला. मिस्त्रींनी बोटाने थोडा उचलून माझ्या तळहातावर ठेवला. म्हणाले, "भोक पाडलं एवढ्यावर थांबलं नाही. हा कीस जिथे पडलाय तिथे तिथे रंगाखाली खाईल."

कारखान्यात गाडीचा अख्खा सांगाडा प्रायमरच्या हौदात बुडवून त्यात वीज सोडतात, म्हणून तो थर पत्र्याच्या प्रत्येक कानाकोपऱ्यात जातो. ड्रिल मारलं की भोकाच्या कडेला तो थर जातो आणि उघडं लोखंड राहतं. त्या कडेला ताबडतोब प्रायमर लावून, सीलंट भरून, मग रबरी वॉशरसकट बोल्ट बसवला तर पाणी जात नाही. हे सगळं करायला फार तर अर्धा तास जास्त लागला असता. तो दुकानदाराने वाचवला, आणि आम्हाला शेवउसळ खायला पाठवलं ते त्यासाठीच. ग्राहक उभा असता तर पत्र्याला ड्रिल लागताना त्याने हात धरला असता. मला कुणी विचारलंच नव्हतं की भोकं पाडायची का.

मग मिस्त्रींनी स्क्रू काढले, स्पॉयलरखालची चिकट टेप हेअर ड्रायरने गरम केली आणि मासे धरायची तंगूस दोन्ही हातांत ताणून स्पॉयलरखालून करवतीसारखी ओढत नेली. स्पॉयलर सुटला. उलटा केला तर आतली बाजू पिवळट, खडबडीत, काचेच्या धाग्यांची जाळी सरळ दिसत होती. मी हात फिरवला, रात्रीपर्यंत बोटं खाजत होती. हा फायबरचा, हाताने साच्यात थापलेला माल. वरून पुट्टी इतकी जाड की एका कोपऱ्याला टवका निघाला तर खाली तीन रंगांचे थर दिसले. मिस्त्रींनी शेजारी उभ्या असलेल्या एका गाडीचा काढून ठेवलेला बंपर आणला आणि आतली बाजू दाखवली : गुळगुळीत काळं प्लॅस्टिक, त्यावर साच्यातच उमटलेली अक्षरं, पीपी, म्हणजे प्लॅस्टिकचा प्रकार. कंपनीच्या स्पॉयलरवर अशीच एबीएस वगैरे खूण असते, शिवाय पार्ट नंबर. आमच्यावर एक अक्षर नव्हतं.

मी तो स्पॉयलर घेऊन दुकानात गेलो. त्याने मराठीत बोलायचं टाळलं, गुजरातीत म्हणाला, हा आमच्याकडचा नाहीच, बिल दाखवा. माझ्याकडे पॅडच्या कागदावरची चिठ्ठी होती, 'स्पॉयलर फिटिंग सहित ११५००', वर ना दुकानाचं नाव ना नंबर. त्या क्षणी जे वाटलं ते पैशांपेक्षा जास्त लागलं. पाडव्याला माझ्या आजोळाची चौकशी करणारा हाच माणूस होता.

घरी येऊन मुलाने सगळं एकत्र केलं : यूपीआयची नोंद, 'एसचा ओरिजिनल' हा मेसेज, १४ जुलैचा फोटो, मिस्त्रींकडे काढलेले स्क्रूंचे आणि उलट्या स्पॉयलरचे फोटो. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि दुकानाला लेखी नोटीस पाठवली, की पंधरा दिवसांत पैसे परत न केल्यास जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करायची असते, एवढं आम्ही नीट समजून घेतलं होतं. नोटीस मिळाल्यावर त्याचा फोन आला. सहा हजार परत देतो, विषय संपवा. पत्नी म्हणाली, आणखी लढू या. पण मुलाचं कॉलेज सुरू झालं होतं, माझी आई आजारी होती. मी सहा हजार घेतले. आजही कधी कधी वाटतं, थांबायला नको होतं.

आता ज्यांना खालच्या मॉडेलवर वरच्या मॉडेलचा भाग बसवायचा आहे त्यांना सांगतो. आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरच्या पार्ट काउंटरवर जा, गाडीचा चासी नंबर द्या आणि हवं ते मॉडेल सांगा. पार्ट नंबर आणि छापील किंमत विचारायला पैसे पडत नाहीत. मारुतीच्या पार्ट नंबरात अंक आणि अक्षरं दोन्ही असतात आणि रंगवलेल्या भागाला शेवटी रंगाचा तीन अंक-अक्षरांचा कोड असतो. दुकानदार "कंपनीचा" म्हणाला की तो नंबर त्याच्या डब्यावर दाखवायला सांगा. किंमत, पॅकिंगचा महिना-वर्ष, बनवणाऱ्याचं नाव, हे सगळं लेबलवर असलंच पाहिजे. पीस रंगवण्याआधी हातात घेऊन उलटा करून बघा. धागे दिसले की तो फायबर आहे. फायबरचा माल घेणं हा गुन्हा नाही, पण मग भाव फायबरचा द्या. बिलावरचा जीएसटी नंबर पंधरा आकडी-अक्षरी असतो आणि गुजरातच्या दुकानाचा असेल तर २४ ने सुरू होतो, तेवढं तिथल्या तिथे तपासता येतं. आणि गाडी सोडून कुठेही जाऊ नका. नुसत्या टेपवर बसणार आहे की भोकं पाडणार, हे आधी विचारा. भोकं पाडायची असतील तर तुमच्या डोळ्यांसमोर प्रायमर लागला पाहिजे. इन्शुरन्सवाल्यालाही सांगून ठेवा, पॉलिसीत न लिहिलेल्या जोडण्यांचे पैसे नंतर मिळत नाहीत.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. मिस्त्रींनी भोकं वेल्डिंग करून बुजवली, कीस वेचून काढला, डिकीचं झाकण पूर्ण रंगवून घेतलं. त्याचे साडेआठ हजार झाले. काम चोख झालं. पण आता गाडी विकायला काढली तर घेणारा रंगाची जाडी मोजायचं यंत्र लावणार. कारखान्यातला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो, आमच्या डिकीवर त्याच्या कितीतरी पट भरेल, आणि तो धरून चालणार की गाडी मागून ठोकलेली आहे. मी कितीही सांगितलं तरी.

यंदाच्या पहिल्या पावसानंतर सकाळी उठून मी आधी डिकी उघडली, कार्पेट उचललं. स्टेपनीचा खड्डा कोरडा ठणठणीत होता. मग झाकण बंद करून ओल्या पत्र्यावर हात फिरवला. उजवीकडून दुसरं भोक जिथे होतं तिथे रंगाखाली मुगाच्या दाण्याएवढा फुगवटा लागला. मिस्त्रींना दाखवायला पुढच्या आठवड्यात गाडी नेणार आहे.