मुखपृष्ठाच्या नावाखाली १६,५०० रुपये उकळले. स्वतः पुस्तक काढणाऱ्यांनो, सावध राहा

फेसबुकवर चार झकास कव्हरं टाकायची, निम्मा ॲडव्हान्स घ्यायचा आणि मग एकेक वाढीव फी काढायची. ही पद्धत तुम्हाला ठाऊक असेल. तरी लिहितोय, कारण आमच्या कोल्हापुरातल्या आणखी लिहिणाऱ्यांना मला फसवणारा हाच कव्हर डिझायनर फोन करतोय.

माझी कादंबरी तालमीतली. लाल माती, हौदा, खुराक, खासबागचं मैदान. मुखपृष्ठाचे ९,५०० ठरले. ५,००० आधी, ४,५०० नमुना पाहून. मग ‘आयएसबीएन फी’ ३,००० आणि ‘चित्राचे कायमचे हक्क’ ४,०००. आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, तो आपल्याकडे फुकट मिळतो! राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडे ऑनलाइन अर्ज करायचा, बस्स. या नंबरचे पैसे कुणी मागितले तर तिथंच व्यवहार तोडा.

नमुना आला तेव्हाच ओळखायला हवं होतं, असं आता घरचेही ऐकवतात. पैलवान मॅटवर, अंगात तंग गणवेश, लंगोटाचा पत्ता नाही. पोटरीजवळ फिकट तिरक्या रेघा. मी त्या बघितल्या. विचारलंही, मेसेज अजून आहे. उत्तर आलं, “सर, लो रिझोल्यूशन आहे म्हणून दिसतंय, फायनलला जातंय. नाद खुळा कव्हर होतंय बघा.” लेखी विचारल्यावर लेखी उत्तर मिळालं, आता लेखकानं आणखी काय करायचं? त्या रेघा म्हणजे फोटो विकणाऱ्या साईटचा वॉटरमार्क होता, पैसे न भरता फोटो वापरू नये म्हणून टाकलेली खूण. पुतण्यानं गूगल लेन्स लावून मूळ फोटो लगेच काढून दाखवला. उरलेले पैसे देण्याआधी तुम्ही एवढं कराच.

फायनल म्हणून व्हॉट्सॲपवर जेपीईजी आली. छापल्यावर पैलवानाचा चेहरा ठिपक्याठिपक्यांत फुटला. पुस्तकाच्या कण्याची रुंदी पानांच्या संख्येवर आणि कागदाच्या जीएसएमवर, म्हणजे वजनावर ठरते. यानं ती अंदाजानं ठोकली, त्यामुळे कण्यावरचं नाव मलपृष्ठावर सरकलं. ३०० कव्हरं, लॅमिनेशनसह ७,८०० रुपये, थेट रद्दीत. ओपन फाइल, म्हणजे बदल करता येईल अशी मूळ डिझाइनची फाइल, मागितली तर त्यानं नंबरच ब्लॉक केला. पुस्तकांचे दुकानदार म्हणाले, “सर, आत काय लिहिलंय ते गिऱ्हाईक नंतर बघतंय.” खरंच आहे ते. अनोळखी लेखकाचं पुस्तक हातात घ्यायला मुखपृष्ठाशिवाय दुसरं कारण काय असतं? चित्रकार आणि सिनेमावाले बाबूराव पेंटर यांच्या गावात माझ्या पुस्तकाला असलं कव्हर!

पोलीस ठाण्यात ऐकवलं, “कव्हर मिळालंय ना? मग फसवणूक कसली? आवडलं नाही म्हणून गुन्हा दाखल करू काय?” तिथून सायबरकडे पाठवलं. सायबरनं परत ठाण्यात पाठवलं. ठाण्यात पुन्हा आधारची झेरॉक्स, पुन्हा पहिल्यापासून हकीकत, आणि शेवटी “दिवाणी मामला आहे, वकील बघा.” बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकलाय. चोरीचा फोटो विकला, फुकटच्या नंबरची फी घेतली, आणि यांना हा आवडीनिवडीचा प्रश्न वाटतो! उद्या फोटोचा मालक दावा लावेल तो माझ्यावर, कारण प्रकाशक म्हणून नाव माझं छापलंय. हे समजून घ्यायला साहेबांना पाच मिनिटं नव्हती.

चित्राच्या परवान्याची पावती आपल्या नावावर घ्या. ओपन फाइल हातात पडल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. कव्हर मोबाईलवर नखाएवढं करून बघा, नाव वाचता येत नसेल तर परत पाठवा. फसवणूक कळली की त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. मी आता जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं तक्रारीचं शुल्क नाही. ‘आयएसबीएन फी’ भरलेलं आणखी कुणी असेल तर पेमेंटचे स्क्रीनशॉट जपून ठेवा आणि मला कळवा, तक्रारी एकाच वेळी दाखल करू.