फेदर वॉलेट, आठ महिन्यांनी: वर्गणी मागणाऱ्या चौकटीसह

फेदर, म्हणजे मोनेरो या गुप्तता जपणाऱ्या डिजिटल चलनाचं संगणकावरचं वॉलेट, उघडायचं, पासवर्ड टाकायचा, आणि नेमकी पैसे पाठवायची घाई असताना समोर चौकट: हा प्रकल्प शंभर टक्के लोकांच्या मदतीवर चालतो, हातभार लावाल का? कितीही रक्कम द्या, हा निरोप पुन्हा दिसणार नाही.

वॉलेटचा वेग, नोड (मोनेरोच्या जाळ्यातला संगणक) निवडणं, टोर (ओळख लपवणारं जाळं), लेजर-ट्रेझर ही हार्डवेअर वॉलेटं जोडणं यावर भरपूर लिहून झालंय. ते सगळं नीट चालतं. मोनेरोची अख्खी साखळी, म्हणजे सगळ्या व्यवहारांची नोंदवही, उतरवायची तर २०० जीबीच्या वर जागा लागते, छाटलेली ठेवली तरी साधारण त्याचा तिसरा हिस्सा. फेदर दुसऱ्याच्या नोडवर चालतं, त्यामुळे जुन्या लॅपटॉपवरही तक्रार नाही. आठ महिन्यांनंतर बोलण्यासारखी गोष्ट एकच उरते, ती चौकट. वॉलेट बनवणाऱ्याला पैसे कुठून मिळतात आणि आपण त्याच्यावर विश्वास का ठेवायचा, हे दोन्ही प्रश्न तिच्यातच अडकलेत.

आधी ती कधी येते ते पाहू. वॉलेट उघडल्याची मोजणी आत चालू असते आणि ठरावीक आकडा गाठला की चौकट येते. शिल्लक शून्य असेल तर येत नाही. फक्त बघण्यापुरत्या, म्हणजे व्ह्यू-ओन्ली वॉलेटला येत नाही, चाचणीच्या नेटवर्कवरही नाही. रिकाम्या खिशाला वर्गणी माफ, एवढी माणुसकी कोड लिहिणाऱ्याने दाखवली आहे. 'हो' म्हटलं की सेंडच्या पानावर पत्ता भरून मिळतो, रक्कम आपण ठरवायची. त्या पत्त्यावर पैसे गेले की मोजणी कायमची बंद. पण 'कायमची' म्हणजे त्या संगणकापुरती. ही नोंद वॉलेटच्या फाइलमध्ये राहत नाही, प्रोग्रामच्या सेटिंग्जमध्ये राहते. दुसऱ्या मशीनवर तेच वॉलेट उघडलं, किंवा टेल्स या बंद केल्यावर सगळं विसरणाऱ्या संगणक प्रणालीत काही साठवून न ठेवता वापरलं, की पावती गेली आणि मंडळ पुन्हा दारात.

'कितीही रक्कम' हे शब्द वाचून कंजूष मनात पहिला विचार येतो तोच इथेही आला: कमीत कमी किती? साध्या व्यवहाराला, म्हणजे एक आवक आणि दोन जावक (एक घेणाऱ्याला, एक सुटे परत), नेटवर्कचं शुल्क साधारण ०.००००३ एक्सएमआर (मोनेरोचं नाणं) पडतं. त्याहून कमी दान दिलं तर डेव्हलपरपेक्षा खाणकामगाराला, म्हणजे व्यवहार साखळीत जोडून शुल्क कमावणाऱ्याला, जास्त मिळतं. हा हिशेब लाजिरवाणा आहे. ज्याला एवढीच रक्कम द्यायची आहे त्याने चौकट सहन करावी, ते बरं.

दुसरी अडचण अनेकांच्या लक्षातच येत नाही. मोनेरोत आलेलं प्रत्येक नाणं १० ब्लॉक (साखळीत जोडले जाणारे व्यवहारांचे गठ्ठे) होईपर्यंत, म्हणजे साधारण २० मिनिटं, खर्च करता येत नाही. वॉलेटात सगळी शिल्लक एकाच तुकड्यात असेल आणि त्यातून चार आण्याचं दान दिलं, तर उरलेले सुटे पैसे परत येतात आणि तेही २० मिनिटं कुलपात. घाईचं देणं असतानाच चौकट आली, हो म्हटलं, आणि मग मूळ देणंच खोळंबलं, असं होतं. यावर उपाय टूल्समधलं 'पे टू मेनी'. एका ओळीत दुकानदाराचा पत्ता आणि रक्कम, दुसऱ्या ओळीत फेदरचा पत्ता आणि रक्कम. एका व्यवहारात सुट्यांसकट १६ जावक बसतात. शुल्क थोडं वाढतं, दुप्पट होत नाही, आणि पैसे एकदाच अडकतात. बहुतेक व्यवहारांना दोन जावक असतात, तीनवाला साखळीवर किंचित उठून दिसतो. गुप्ततेचं फार सोवळं पाळणाऱ्यांनी दोन वेगळे व्यवहार करावेत.

एका चौकटीवर एवढं का लिहायचं? कारण वॉलेटाच्या आतली चौकट ही गंमतीची जागा नाही. बिटकॉइनच्या इलेक्ट्रम वॉलेटात डिसेंबर २०१८ मध्ये काय झालं ते आठवा. व्यवहार पाठवताना सर्व्हरकडून चूक कळवणारा निरोप येई आणि इलेक्ट्रम तो जसाच्या तसा, दुव्यासकट, सजवून दाखवी. चोरांनी स्वतःचे सर्व्हर उभे केले आणि निरोपातून सांगितलं की सुरक्षेसाठी नवी आवृत्ती घ्या. दुवा गिटहब या कोड ठेवायच्या साइटवरच्या खोट्या पानाचा होता. लोकांनी विश्वास ठेवला, कारण चौकट त्यांच्याच वॉलेटात उघडली होती. काही दिवसांत २०० हून जास्त बिटकॉइन गेले. कूटशास्त्र कुठेही तुटलं नव्हतं. बाहेरच्याने लिहिलेला मजकूर घरच्या आवाजात वाचून दाखवला गेला, एवढंच.

म्हणून फेदरची चौकट तपासताना प्रश्न हा: मजकूर आणि पत्ता येतो कुठून? दोन्ही मूळ कोडमध्येच लिहिलेले आहेत, सर्व्हरकडून येत नाहीत. कोड उघडा आहे, आणि बिल्ड, म्हणजे कोडपासून प्रोग्राम बांधणं, गुइक्स या साधनाने पुन्हा करून पाहता येतं, म्हणजे वेगवेगळ्या लोकांनी आपापल्या मशीनवर बांधलं तरी बाइट-बाइट तीच फाइल निघते. अर्थात आपण ती खरी फाइल उतरवली असेल तर. ही पायरी नव्वद टक्के लोक गाळतात असा माझा अंदाज आहे, तेव्हा थोडक्यात. प्रोग्रामची फाइल आणि तिची .एएससी ही डिजिटल सही, दोन्ही उतरवा. डेव्हलपरची सार्वजनिक किल्ली घेऊन जीपीजी या सह्या तपासणाऱ्या प्रोग्राममध्ये आयात करा. किल्लीचा फिंगरप्रिंट, म्हणजे ओळख-क्रमांक, निदान दोन वेगळ्या ठिकाणांवरून जुळवा, ज्या साइटवरून फाइल घेतली फक्त तिथूनच नको. मग व्हेरिफाय चालवा. 'गुड सिग्नेचर' आलं की पुढे जा. त्याच्याखाली 'ही किल्ली विश्वासू सहीने प्रमाणित नाही' असा इशारा येतो, त्याने घाबरू नका. त्याचा अर्थ एवढाच की तुम्ही स्वतः त्या किल्लीवर शिक्का मारलेला नाही. 'बॅड सिग्नेचर' आलं तर फाइल पुसा, उघडून बघू नका.

हा सोपस्कार वाटत असेल तर १८ नोव्हेंबर २०१९ पाहा. त्या दिवशी थोडा वेळ मोनेरोच्या अधिकृत साइटवरून बदललेलं कमांड-लाइन (हुकूम टाइप करून चालवायचं) वॉलेट दिलं जात होतं, आणि ते सीड, म्हणजे वॉलेट परत उभं करणारे गुप्त शब्द, चोरायचं. हे पकडलं गेलं ते एका वापरकर्त्याने उतरवलेल्या फाइलचा हॅश (फाइलवरून निघणारा ठसा) जुळवून पाहिला आणि तो जुळला नाही म्हणून.

आता मत बदलल्याची कबुली. पहिल्या तीन-चार महिन्यांत मी ठाम होतो की चौकट काढून टाकावी आणि सगळा निधी सीसीएसमधून, म्हणजे मोनेरोच्या सामुदायिक वर्गणीच्या व्यवस्थेतून यावा. फेदरच्या होम टॅबमध्येच क्राउडफंडिंगची यादी असते: कोणाचं काम, किती मागितलंय, किती जमलंय. नीटनेटकं दिसतं. डेव्हलपर गिटलॅबवर प्रस्ताव मांडतो, लोक त्याची चिरफाड करतात, मग प्रस्ताव निधीसाठी खुला होतो. रक्कम जमली की काम सुरू, आणि एकेक टप्पा पूर्ण होईल तसे पैसे सुटतात. आधी काम मग दाम. वर्गणीदाराला याहून काय हवं?

पण याच चांगल्या नियमाने घात केला. टप्प्याटप्प्याने द्यायचं म्हणजे उरलेली रक्कम महिनोन्‌महिने कुठेतरी पडून राहणार. प्रस्ताव निराळे, पण पैसा साचतो एका वॉलेटात. १ सप्टेंबर २०२३ ला त्या वॉलेटातली सगळीच्या सगळी शिल्लक, २,६७५.७३ एक्सएमआर, नऊ व्यवहारांत निघून गेली. बातमी फुटली तेव्हाच्या भावाने साडेचार लाख डॉलरच्या वर. लोकांना कळलं २ नोव्हेंबरला. हे वॉलेट २०२० साली एका उबंटू मशीनवर बसवलेलं, सीड दोन माणसांकडे. निवेदन आलं तेव्हा चोरी नेमकी कुठून झाली हे टीमलाही सापडलेलं नव्हतं. काम करून बसलेल्यांची देणी जनरल फंडातून, म्हणजे मोनेरोच्या सर्वसाधारण निधीतून, भागवावीत असा प्रस्ताव त्याच निवेदनात होता. दोन महिने डबा रिकामा, आणि वर्गणी देणाऱ्यांना पत्ता नाही.

'पण व्ह्यू की असते ना?' असं कोणीतरी विचारतंच, म्हणजे वॉलेट नुसतं बघू देणारी किल्ली. जनरल फंडाची व्ह्यू की जाहीर आहे, कोणीही ती घालून बघावं. पण मोनेरोत व्ह्यू की फक्त आवक दाखवते. पैसे बाहेर गेले हे ओळखायला की इमेज (नाणं खर्च झाल्याची खूण) लागते, आणि ती स्पेंड कीशिवाय, म्हणजे खर्च करू देणाऱ्या किल्लीशिवाय, तयार होत नाही. म्हणजे नुसती व्ह्यू की घेऊन बसलेल्याला लुटलेलं वॉलेटही भरलेलंच दिसेल. पावतीपुस्तक दिसतं, पेटी दिसत नाही. खरा उपाय रिझर्व्ह प्रूफ: वॉलेटवाला सही करून दाखवतो की आत्ता, या क्षणी माझ्याकडे निदान इतकी खर्च न झालेली रक्कम आहे. अधिकृत कमांड-लाइन वॉलेटमध्ये ही सोय आहे. दर महिन्याच्या १ तारखेला असा एक दाखला टाकायचा नियम असता तर ऑक्टोबरच्या १ तारखेला बोंब झाली असती. खजिनदाराच्या प्रामाणिकपणाचा इथे प्रश्नच नाही. महिन्याला दहा मिनिटांचं काम आहे.

तेव्हापासून ती चौकट वेगळी दिसायला लागली. दान थेट बनवणाऱ्याच्या पत्त्यावर जातं, मधे साठा नाही. उद्या त्याने काम सोडलं तर नुकसान माझ्या गेल्या महिन्याच्या चार पैशांचं. सीसीएसमध्ये जबाबदारीचे टप्पे आहेत पण साठ्याची जोखीम आहे. थेट दानात साठ्याची जोखीम नाही, पण टप्पेही नाहीत: किती जमलं, त्यातून काय झालं, हे वॉलेटात कुठे दिसत नाही. छोटी रक्कम असेल तर थेट, आणि ठरावीक मोठ्या कामासाठी सीसीएस, अशी वाटणी सध्या पटते. तेही प्रस्ताव जवळजवळ भरत आला असताना द्यावं, म्हणजे आपली रक्कम कमी दिवस पडून राहते.

होम टॅबमधून सीसीएसला दान देणाऱ्यांसाठी मात्र एक सावधगिरी. ती यादी, त्यातल्या पत्त्यांसकट, फेदरच्या सर्व्हरवरून वेबसॉकेटने (सर्व्हरशी सतत उघड्या राहणाऱ्या जोडणीने) येते. फेदरचा स्वतःचा पत्ता कोडमध्ये कोरलेला आहे, हे पत्ते तसे नाहीत. आजवर गडबड झाली असं म्हणणं नाही, पण इलेक्ट्रमची गोष्ट वर सांगितली ती यासाठीच. पाठवण्याआधी सीसीएसच्या पानावरचा पत्ता उघडून पहिली आणि शेवटची आठ-दहा अक्षरं जुळवा. अजिबात नको असेल तर सेटिंग्जमध्ये नेटवर्कखाली वेबसॉकेट बंद करता येतं. मग भाव, नोडची यादी आणि नव्या आवृत्तीची सूचनाही बंद होते. आवृत्ती तपासायचं काम तेव्हा आपल्या गळ्यात.

दान दिल्याचा पुरावा हवा असेल तर आणखी एक खाचखळगा आहे. मोनेरोत कोणी कोणाला दिलं हे साखळीवर वाचता येत नाही. पाठवणाऱ्याच्या वॉलेटात त्या व्यवहाराची गुप्त किल्ली राहते, तिच्यावरून 'क्रिएट टीएक्स प्रूफ' करून दाखला देता येतो. ही किल्ली सीडमधून परत येत नाही. लॅपटॉप गेला आणि सीडवरून वॉलेट उभं केलं की पैसे सगळे येतात, पण जुन्या व्यवहारांच्या किल्ल्या, कोणाला पाठवलं ते पत्ते आणि लिहिलेल्या टिपा गेल्या. बहुतेक जण फक्त .कीज फाइलची प्रत ठेवतात. ती पुरत नाही. हा मजकूर तिच्या शेजारच्या, कीज न लावलेल्या फाइलमध्ये असतो, दोन्ही जपा. भारतात राहून मोनेरो ठेवणाऱ्यांना तर हे दुहेरी लागू आहे: नफ्यावर ३० टक्के कर आणि विक्रीवर १ टक्का टीडीएस असताना कुठला व्यवहार कशाचा हे मार्चमध्ये आठवत नाही. हिस्टरी सीएसव्ही तक्त्यात काढून ठेवायची सवय लावा.

सीडचंही तेच. फेदर १६ शब्दांची पॉलीसीड देतं, वॉलेट कधी बनलं ती तारीखही त्यातच असते. सोय छान, पण हे १६ शब्द सगळ्या वॉलेटांत चालत नाहीत. सीडच्या खिडकीत २५ शब्दांची जुनी सीड दाखवायची खूण आहे. तीही कागदावर उतरवा, आणि सोबत रिस्टोअर हाइटचा, म्हणजे साखळी कुठल्या ब्लॉकपासून चाळायची त्याचा, आकडा. २५ शब्दांत तारीख नसते, आकडा नसेल तर साखळी फार मागून चाळत बसावी लागते. विश्वासाच्या हिशेबात हे मोठं कलम आहे, कारण फेदरचा मुख्य भार एकाच टोपणनावाच्या डेव्हलपरवर आहे. तो थांबला तरी आपले पैसे दुसरीकडे उघडता आले पाहिजेत.

चौकट नको तर पर्याय काय, हेही बघून झालं. बहुतेक वॉलेटं नाणं बदलून देण्याच्या सोयीतून कमावतात. मेटामास्क हे इथेरियमचं वॉलेट अशा अदलाबदलीवर (स्वॅपवर) ०.८७५ टक्के घेतं, आणि २०२० च्या ऑगस्टमध्ये त्यांनी कोडचा मोकळा परवाना बदलून मोठ्या व्यापारी वापराला अटी घातल्या. तिथे कोणी वर्गणी मागत नाही, पण शंभर डॉलरच्या एका अदलाबदलीत ८७ सेंट गुपचूप जातात. फेदरला वर्षभरात दिलेलं दान याच्या आसपासही नाही, हे लिहिताना जरा चपापायला झालं.

मोबाइलवर फेदर नाही, त्याचा एक तारा कापतो. सर्व्हरवरच्या यादीतल्या पत्त्यांवर कसलीच खूण नसल्याबद्दल अर्धा. चौकटीचा अर्धा आधी कापला होता, तो परत देतो. पाचपैकी साडेतीन. एक मागणी मात्र कायम आहे: दान दिल्याची नोंद वॉलेटच्या फाइलमध्ये ठेवा. तेच वॉलेट दुसऱ्या लॅपटॉपवर उघडलं की चौकट पुन्हा हजर, हे आठ महिन्यांनीही डोक्यात जातं.