जास्त दाबाचे पाणी: मुख्य कॉक आवळावा की दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवावा?

बावीस मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीच्या घरी बेसिनखालची जोडनळी वर्षभरात दोनदा फुटली, तेव्हा हे दोन उपाय तिच्यापुढे आले. गच्चीवरच्या टाकीपासून दर दहा मीटर खाली सुमारे 1 बार (बार हे दाबाचे एकक) दाब वाढतो. म्हणजे साठ मीटर खाली तो 6 बारच्या आसपास जातो, आणि घरगुती वापराला 2 ते 3 बार पुरेसे असतात.

खर्च पाहिला तर कॉक आवळणे, म्हणजे तो अर्धवट बंद ठेवणे, फुकटच आहे. परिणामाच्या बाबतीत मात्र फरक मोठा आहे. आवळलेला कॉक पाणी वाहत असतानाच दाब घटवतो. रात्री सगळे नळ बंद झाले की घरातला दाब पुन्हा पूर्ण 6 बारवर चढतो, आणि जोडनळ्या व फ्लशचे वॉशर याच स्थिर दाबाने निकामी होतात. व्हॉल्व्हमधील स्प्रिंग आणि पडदा नळ बंद असतानाही दाब ठरलेल्या मर्यादेत ठेवतात. शिवाय अर्धवट उघड्या कॉकची बैठक झिजते आणि तो पुढे नीट बंदच होत नाही.

देखभाल मात्र व्हॉल्व्हलाच अधिक लागते: टाकीतला गाळ त्याच्या जाळीत अडकतो, म्हणून ती अधूनमधून धुवावी लागते.

केवळ नळातून पाणी उडत असेल, तर त्या नळाचा अँगल कॉक (नळाच्या आधी भिंतीवर बसवलेला छोटा कॉक) आवळणे पुरेसे आहे. जोडनळ्या फुटत असतील किंवा गीझर गळत असेल, तर प्रेशर गेजने रात्रीचा दाब मोजून व्हॉल्व्हच बसवावा.