अस्वलांच्या मुलखात शिकार: छातीवर .४४ मॅग्नम की १० एमएम?

अमेरिकेतल्या मोंटाना-वायोमिंगात सप्टेंबरमध्ये एल्क या मोठ्या हरणाच्या मागे निघालेला शिकारी ग्रिझली या तपकिरी अस्वलाशी गाठ पडेल अशी सगळी कामं आपणहून करतो. वारा तोंडावर घेऊन, पाऊल न वाजवता, झुंजूमुंजू नाहीतर तिन्हीसांजेला चालायचं, एल्कची हाक काढायची आणि शिकार पडली की कोपरापर्यंत रक्तात हात घालून बसायचं. रायफल तेव्हा कुठेतरी झाडाला टेकलेली असते. म्हणून अंगावर दुसरं हत्यार हवं: .४४ मॅग्नम काडतुसाचं रिव्हॉल्वर की १० एमएम काडतुसाचं पिस्तूल, एवढाच प्रश्न.

ताकदीत .४४ मॅग्नमच सरस, यात वाद नाही. रिव्हॉल्वर अगदी अस्वलाच्या अंगाला टेकवूनही उडतं. पिस्तुलाची स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, तसं दाबल्यावर मागे सरकते आणि गोळी सुटत नाही. पण काडतुसं सहाच, आणि घाईत चाप ओढायला जड. धक्क्याचं तर विचारूच नका. स्मिथ अँड वेसनचं ३२९पीडी जेमतेम ७०० ग्रॅमचं, दिवसभर जाणवतही नाही; पण चार गोळ्यांनंतर मनगट सराव नको म्हणतं. रुगरचं सुपर रेडहॉक अलास्कन सव्वा किलोच्या वर, त्यामुळे धक्का सुसह्य.

ग्लॉक २० हे १० एमएमचं पिस्तूल भरल्यावर सुमारे १.१ किलोचं, पण मॅगझिनमध्ये १५ गोळ्या. दुसरी, तिसरी गोळी नेमावर पटकन जाते. ग्रिझली सेकंदाला पंधराएक मीटर धावतं. तीस मीटरवरून निघालं तर तुमच्या हातात दोन सेकंद. त्यात लागलेली मध्यम गोळी चुकलेल्या जबर गोळीपेक्षा बरी. फक्त हार्ड-कास्ट, म्हणजे कठीण ओतीव शिशाची, चपट्या तोंडाची गोळी घ्या. माणसांसाठीची, लागल्यावर फुलणारी गोळी इथे पुरेशी खोल जात नाही.

रिव्हॉल्वरवर आधीच हात बसलेला असेल तर बदलू नका. बाकीच्यांना मी १० एमएमच सांगेन.

अस्वलावर मारायच्या मिरचीच्या स्प्रेला हसणारे पुष्कळ भेटतात. अलास्कातल्या नोंदींवरच्या २००८ च्या अभ्यासात स्प्रेने तपकिरी अस्वलं ९२ टक्के वेळा थोपवली. २०१२ च्या अभ्यासात हातबंदुकीचं यश ८४ टक्के आणि लांब नळीच्या बंदुकांचं ७६. हे आकडे शेजारी मांडून निकाल देऊ नये, कारण स्प्रेच्या नोंदींत नुसती चौकशीला आलेली अस्वलंही बरीच होती. तरी डबा कमरेला असू द्याच. वारा उलटा असला तर मात्र पंचाईत.

खरं तर होल्स्टरवर, म्हणजे हत्यार अडकवायच्या म्यानावर, जास्त डोकं लावा. पाठपिशवीचा पट्टा कमरेवर येतो, म्हणून छातीवरचं घ्या आणि एल्क सोलतानाही उतरवू नका. २०१८ च्या सप्टेंबरात वायोमिंगच्या टेटन विल्डरनेसमध्ये एक वाटाड्या ग्रिझलीच्या हल्ल्यात गेला. पिस्तूल होतं, पण सामानाजवळ ठेवलेलं. सोबतच्या शिकाऱ्याच्या हाती ते लागलं, गोळी मात्र सुटली नाही.

आपल्यातले बरेचजण एच-१बीवर असतात. त्या व्हिसावर बंदूक बाळगायला केंद्रीय कायद्याची मनाई आहे. वैध शिकार परवाना हा त्यातला नेहमीचा अपवाद, तेव्हा आधी तो काढा. अलास्कात जीव वाचवायला अस्वल मारलंत तरी नखांसकट कातडं आणि कवटी राज्य सरकारच्या हवाली करावी लागते. स्प्रे विमानात चालत नाही, उतरल्यावर घ्या. आणि कॅनडामार्गे गाडीने जाणार असाल तर पिस्तूल-रिव्हॉल्वर घरीच ठेवा. सीमेवर रायफल रीतसर जाहीर करायची आणि वाटेत स्प्रेवर भागवायचं.