पार्केट्री की मार्केट्री? अठराव्या शतकातील फ्रेंच फर्निचर निवडताना

अठराव्या शतकातील फ्रेंच बनावटीचे खणांचे बुटके कपाट घेऊ पाहणाऱ्यासमोर बहुधा दोन तऱ्हांची कलाकुसर येते. दोन्हींत ओकसारख्या लाकडाच्या सांगाड्यावर किमती लाकडाचे पातळ काप सरसाने चिकटवलेले असतात; पार्केट्रीत त्यांतून शंकरपाळ्यांची जाळी किंवा उठावदार भासणारे घन अशी भौमितिक नक्षी जुळवतात, तर मार्केट्रीत फुले, वाद्ये, फुलदाण्या चितारतात.

मन आधी चित्राकडे ओढले जाते. फर्निचर-कारागीर ज्याँ-फ्राँस्वा एबेन यांनी फ्रान्सचा राजा पंधरावा लुई याच्यासाठी १७६० मध्ये सुरू केलेले आणि ज्याँ-आँरी रिझेनेर यांनी १७६९ मध्ये पूर्ण केलेले व्हर्साय राजवाड्यातील मेज पाहिले, की लाकडातून याहून अधिक काही साधेल असे वाटत नाही. मात्र या चित्रांचा जीव नाजूक असतो. पानाफुलांसाठी फिकट लाकूड निळ्या-हिरव्या रंगांत रंगवीत, आणि उजेडाने ते रंग उडून आज अनेक पुष्पगुच्छ सरसकट पिवळट-तपकिरी दिसतात. पाकळ्यांच्या कडा तापलेल्या वाळूत भाजून छाया आणीत, पानांच्या शिरा कोरून त्यांत काळे लुकण भरीत. पण दुरुस्तीच्या वेळी पृष्ठभाग पुन्हापुन्हा घासला गेला, की त्या उथळ रेषा पुसल्या जातात आणि पानाचा नुसता ठिपका उरतो.

पार्केट्रीचाही रंग उतरतो. ट्यूलिपवुडचे गुलाबी पट्टे पिवळट होतात, किंगवुडचा जांभळेपणा तपकिरीकडे झुकतो. तरीही नक्षी टिकते, कारण शेजारच्या तुकड्यांतील लाकडाचे रेशे वेगवेगळ्या दिशांना लावलेले असल्याने प्रत्येकावर उजेड निराळा खेळतो. म्हणूनच रोज वापरायच्या, खिडकीजवळच्या वस्तूसाठी मी पार्केट्रीच निवडीन. निखळलेला तुकडा कुशल कारागीर बसवू शकतो. फुलाची हरवलेली पाकळी पुन्हा घडवायला मात्र चित्रकाराचा हात लागतो. (ट्यूलिपवुड आणि किंगवुड ही दोन्ही ब्राझिली लाकडे आपल्या शिसवाच्याच डालबर्जिया प्रजातीतील असून, २०१७ पासून त्या साऱ्या प्रजातीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स या संकटग्रस्त प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराविषयीच्या कराराचे नियंत्रण आहे; वस्तू परदेशातून आणायची असल्यास परवान्याची चौकशी आधीच करावी.)

पार्केट्रीची खरी अडचण नकलांची आहे. सरळ रेषांची नक्षी उतरवणे सोपे असल्याने एकोणिसाव्या शतकात तिच्या प्रतिकृती पुष्कळ झाल्या. कारागिराचा ठसा खोटाही मारता येतो, म्हणून केवळ त्यावर विसंबू नये. एखादी कपची उडालेली जागा शोधून कापाची जाडी पाहावी: हाताने करवतलेला काप जाडसर आणि किंचित असमान असतो, यंत्राचा पातळ आणि एकसारखा.