ईगल स्काउट की गोल्ड अवॉर्ड?

अमेरिकेतल्या मराठी घरांत मुलं नववीत गेली की हा विषय निघतो. ईगल स्काउटला, म्हणजे मूळच्या मुलग्यांच्या बॉय स्काउट्स संघटनेतल्या सर्वोच्च पदाला, किमान 21 मेरिट बॅज (एकेका विषयातल्या कौशल्याचे बिल्ले) लागतात, शिवाय अठरा पूर्ण होण्याआधी एक सेवाप्रकल्प: देवळासाठी बाक, पायवाटेची डागडुजी, असं काही. तासांची किमान अट नाही. स्वतः किती राबलात यापेक्षा इतरांना हाताशी धरून काम कसं पार पाडलंत, ते बघतात. गर्ल स्काउट्स या मुलींच्या संघटनेच्या सर्वोच्च सन्मानाला, गोल्ड अवॉर्डला, मात्र साधारण 80 तास सुचवलेले असतात आणि प्रश्नाच्या मुळाशी जावं लागतं. नुसता बाक ठोकून भागत नाही. मुलगी कॉलेजला गेल्यावरही काम चालू राहायला हवं. मला हेच जास्त अवघड वाटतं, पण नाव ईगलचंच मोठं! 2019 पासून मुलींनाही ती वाट खुली आहे म्हणा.